तारे लांबट येतायत? आधी ध्रुवताऱ्याला दोष देऊ नका

गच्चीवर ट्रॅकर (आकाशाच्या वेगाने कॅमेरा फिरवत ताऱ्यांमागे ठेवणारं यंत्र) लावून आकाशाचे फोटो काढणाऱ्यांची एक तक्रार दर हिवाळ्यात नव्याने येते: तारे गोल येत नाहीत, तांदळाच्या दाण्यासारखे लांबट येतात. तिला मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: पोलर अलाइनमेंट, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे लावणं, नीट करा. मग माणूस पुढची अख्खी संध्याकाळ ध्रुवताऱ्यामागे घालवतो, मान अवघडते, आणि दाणे तसेच. माझं म्हणणं असं की छोट्या लेन्सवर, अर्ध्या मिनिटाच्या एक्स्पोजरमध्ये तारे लांबत असतील तर अलाइनमेंट हा शेवटचा संशयित धरावा. त्यामागे साधा हिशेब आहे.

उदाहरणाला १३५ मिमीची लेन्स आणि २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा घेऊ. याच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण ३.७ मायक्रॉनचा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, त्याला २०६ ने गुणायचं आणि फोकल लेंथने भागायचं. उत्तर येतं ते एका पिक्सेलमध्ये मावणारं आकाश, विकलांमध्ये (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). इथे ते सुमारे ५.६ विकला. आता अलाइनमेंटची चूक: ट्रॅकरचा अक्ष खऱ्या ध्रुवापासून एक कला हटलेला असेल तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकला (नेमकं सांगायचं तर ०.२६) सरकतो.

ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सध्या सुमारे ३८ कला दूर आहे. समजा तुम्ही पोलर स्कोपमधल्या, म्हणजे ट्रॅकरच्या अक्षातून ध्रुवाकडे बघणाऱ्या छोट्या दुर्बिणीतल्या, रेटिकलचं (खुणांच्या जाळीचं) घड्याळबिड्याळ काही न पाहता ध्रुवतारा सरळ फुलीच्या मध्यावर आणून ठेवला. ३८ कलांची चूक, म्हणजे मिनिटाला सुमारे १० विकला. तीस सेकंदांत ५ विकला. एक पिक्सेलही नाही! तीस सेकंदांत तीन पिक्सेलचा दाणा दिसायला अक्ष दोन अंशांहून जास्त हुकलेला हवा. म्हणजे पौर्णिमेचे चार चंद्र ओळीने लावले तर भरतील एवढा. ध्रुवतारा पोलर स्कोपमध्ये नुसता दिसत असेल तरी तुमची चूक एवढी मोठी असण्याची शक्यता कमी. तेव्हा अलाइनमेंटचे स्क्रू सोडा आणि फोटो वाचा.

एकच फ्रेम उघडा

स्टॅक केलेला, म्हणजे अनेक फ्रेम एकावर एक रचून बनवलेला, फोटो बघून निदान करू नका. कॅमेऱ्यातली मूळ रॉ फ्रेम उघडा, शंभर टक्के मोठी करा, आणि पाच जागा बघा: मध्य आणि चार कोपरे. सुट्या फ्रेममध्ये तारे गोल आणि स्टॅकमध्ये लांबट असतील तर गच्चीवर काहीच बिघडलेलं नाही. सॉफ्टवेअरने हॉट पिक्सेलनाच (सेन्सरवरच्या आपोआप उजळ दिसणाऱ्या ठिपक्यांनाच) तारे समजून फ्रेम एकमेकींवर बसवल्या असण्याची शक्यता दाट. डीपस्कायस्टॅकर या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे वारंवार होतं. डार्क फ्रेम (लेन्स झाकून काढलेल्या) द्या, तारे ओळखण्याचा थ्रेशोल्ड बदला, किंवा सिरिल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करून बघा.

सुट्या फ्रेममध्येच दोष असेल तर पुढची चाचणी करा. बाकी सगळं या चाचणीवर उभं आहे, म्हणून ती टाळू नका. कॅमेरा मृग नक्षत्राकडे वळवा, ट्रॅकर बंद करा, तीस सेकंदांची एक फ्रेम काढा. मग कशालाही हात न लावता ट्रॅकर चालू करा, अर्धा मिनिट थांबा आणि तीस सेकंदांची दुसरी फ्रेम घ्या.

पहिल्या फ्रेममधल्या रेघा तुम्हाला दोन गोष्टी देतात. एक, फोटोत पूर्व-पश्चिम दिशा कुठली. दोन, मोजपट्टी. मृगाचा पट्टा वैषुविक वृत्ताला (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेला) जवळजवळ चिकटून आहे, त्यामुळे तिथे तारे सगळ्यात वेगाने, सेकंदाला १५ विकला सरकतात. आपल्या उदाहरणात तीस सेकंदांची रेघ सुमारे ८० पिक्सेलची येईल. (देवयानी दीर्घिकेवर हीच चाचणी केली तर रेघ पाऊणपट येते, कारण ती ४१ अंश उत्तरेला आहे. म्हणून मृगच बरा. मृग मावळला असेल त्या मोसमात वैषुविक वृत्ताजवळचं दुसरं काहीही चालेल.)

आता दुसऱ्या फ्रेममधला दाणा या रेघेशी ताडून बघा.

दाणा रेघेच्याच दिशेने असेल तर

दोष पूर्व-पश्चिम, म्हणजे ट्रॅकरच्या फिरण्यात आहे. लांबी मोजली की बराचसा उलगडा होतो. ८० पिक्सेल: ट्रॅकर फिरतच नाही, किंवा क्लच ढिला आहे, आतली मोटर फिरते आणि कॅमेरा जागच्या जागी. १६०: उलटा फिरतोय, दक्षिण गोलार्धाचं बटण दाबलं गेलंय. ४०: जमीन आणि आकाश एका फ्रेममध्ये घेण्यासाठी जी अर्ध्या वेगाची सोय असते ती चालू राहिली आहे. आणि जेमतेम ३ पिक्सेल असेल तर वेगाचं चक्र चंद्रावर आहे का बघा. चंद्र ताऱ्यांच्या मानाने सेकंदाला साधारण अर्धा विकला मागे पडतो. तीस सेकंदांत १६ विकला, म्हणजे बरोबर तीन पिक्सेल. ही चूक फसवी, कारण फोटो "जवळजवळ बरा" येतो आणि दोष जातो अलाइनमेंटवर. अंधारात चाचपडताना ते चक्र एक घर सरकायला काहीच लागत नाही.

हे सगळं ठीक असेल तर गिअरकडे वळा. ट्रॅकरमधला स्क्रू म्हणजे वर्म कधीच तंतोतंत गोल नसतो. त्यामुळे ट्रॅकर थोडा पुढे धावतो, थोडा मागे राहतो, आणि हे चक्र वर्मच्या एका फेऱ्यात पुन्हा पुन्हा येतं. पृथ्वीचा ताऱ्यांच्या संदर्भातला एक फेरा ८६,१६४ सेकंदांचा. मुख्य चाकाला १४४ दाते असतील तर वर्मचा फेरा सुमारे दहा मिनिटांचा, १८० दाते असतील तर आठ मिनिटांचा. समजा चूक दोन्हीकडे २५-२५ विकलांची आहे. मग चक्राच्या वाईट भागात तीस सेकंदांत दीड पिक्सेल, एका मिनिटात पावणेतीन, दोन मिनिटांत पाच पिक्सेलचा दाणा येणार. चक्र वळण घेतं त्या टोकांना मात्र तारे अगदी गोल.

ओळखायची खूण इथेच आहे. चार-पाच फ्रेम छान, मग काही वाईट, मग पुन्हा छान, आणि ही लय आठ-दहा मिनिटांनी परतणारी: तर तो वर्म. अलाइनमेंटची चूक अशी ये-जा करत नाही. ती लागोपाठच्या फ्रेममध्ये जवळपास सारखी दिसते.

यावर उपाय तीन. एक्स्पोजर कमी करा. वाईट फ्रेम फेकून द्या. सिरिलमध्ये ताऱ्यांच्या गोलाईवरून फ्रेम गाळता येतात. आणि तोल: ट्रॅकरवरचं वजन पूर्वेकडे किंचित जड ठेवा, म्हणजे मोटरला सतत थोडं उचलावं लागतं आणि दाते एकमेकांना टेकून राहतात. तंतोतंत तोल साधला की उलट दात्यांमधली फट कॅमेऱ्याला डुलायला जागा देते. गाइडिंगचा कॅमेरा (ताऱ्यावर नजर ठेवून ट्रॅकरची चूक सुधारत राहणारा) हा चौथा उपाय, पण १३५ मिमीसाठी तो घेण्याआधी पैसे चांगल्या ट्रायपॉडवर घाला असं मी सांगेन.

दाणा रेघेला आडवा किंवा तिरका असेल तर

इथे सगळे म्हणतात, झालं, हीच अलाइनमेंट. थांबा. वरचा हिशेब आठवा: तीस सेकंदांत तीन पिक्सेल म्हणजे दोन अंशांची चूक. तेवढी नसेल तर कॅमेरा खाली झुकतोय.

बॉलहेड (कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवून आवळायचा गोळ्याचा सांधा) हा या छंदातला सगळ्यात मोठा चोर आहे. दिवसा दहा मिनिटांच्या कामाला जे बॉलहेड घट्ट वाटतं, ते लेन्स तिरकी लटकलेली असताना काही विकला सरकतं आणि हाताला कळतही नाही. पाच-सहा विकला म्हणजे किती? २५ सेंटिमीटरच्या लेन्सचं टोक माणसाच्या केसाच्या जाडीचा दहावा भागही न सरकता ते होतं. दुसरा गुन्हेगार कॅमेऱ्याखालचा पाव इंची स्क्रू. लेन्स जड असली की तिच्या भाराने कॅमेरा त्या स्क्रूवर आपोआप उलगडू लागतो. लेन्सला कॉलर (लेन्सभोवतीचं, ट्रायपॉडला बसणारं कडं) असेल तर बॉडी नव्हे, कॉलर बसवा. तिसरा वेज, म्हणजे ट्रॅकर ध्रुवाच्या कोनात तिरका धरणारा खालचा भाग: उंचीचा स्क्रू आवळला आणि बाजूचा राहून गेला, असं हमखास होतं.

झुकण्याची तपासणी आकाशाशिवाय होते, आणि तीच मला सगळ्यात विश्वासाची वाटते. सकाळी सकाळी, ऊन तापून हवा थरथरायच्या आत, ट्रॅकर बंद ठेवून कॅमेरा एखाद्या लांबच्या टॉवरच्या टोकावर लावा. फोटो काढा, दहा मिनिटं हात न लावता पुन्हा काढा. टॉवर जागेवर असेल तर कॅमेरा निर्दोष. तीन पिक्सेल खाली-वर झाला असेल तर रात्रीही तो तसाच सरकत होता. आकाशाकडे जितका तिरका लावता तितकाच तिरका इथेही ठेवता आला तर आणखी चांगलं. त्यासाठी डोंगरमाथ्यावरचा मनोरा किंवा शेजारच्या उंच इमारतीचा कठडा चालतो.

एक गोष्ट तपासायला दोन सेकंद लागतात आणि तरी ती विसरली जाते: लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन. ट्रायपॉडवर ते चालू राहिलं की आतली भिंगं स्वतःच तरंगतात आणि तारे कुठल्याही दिशेला ओढले जातात, दर फ्रेमला वेगळे. बंद करा. ऑटोफोकसही बंद, आणि फोकसच्या रिंगवर टेप.

शेपूट, नागमोड, दोन तारे

ताऱ्याला एक बारीक शेपूट असेल आणि बाकी तारा गोल असेल, तर एक्स्पोजरच्या पहिल्या सेकंदात हादरा बसलाय. बोटाने बटण दाबू नका. टायमर किंवा इंटरव्हॅलोमीटर (ठरावीक अंतराने फ्रेम काढणारं रिमोट) वापरा, आरशाचा कॅमेरा असेल तर आरसा आधी वर उचलून घ्या.

नागमोडी किंवा जोडतारे येत असतील तर गच्चीचा विचार करा. गच्ची म्हणजे जमीन नव्हे, चारही बाजूंनी टांगलेला स्लॅब आहे. मधोमध उभं राहून कोणी दोन पावलं चाललं तरी तो हलतो. ट्रायपॉड स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खाली जिथे कॉलम किंवा बीम आहे तिथे, बहुतेक कठड्याच्या कोपऱ्याजवळ ठेवा. लिफ्टच्या खोलीपासून आणि पाण्याच्या पंपापासून लांब. मधला दांडा वर काढू नका, पाय पूर्ण फाकवा. खाली पिशवी टांगायची असेल तर ती जमिनीला टेकलेली हवी. हवेत लोंबणारी पिशवी वाऱ्यावर झुलते आणि ट्रायपॉडलाही झुलवते.

फक्त कोपरे बिघडलेत

मध्यावर गोल आणि चारही कोपऱ्यांत पंख फुटलेले, तर ती लेन्सची मर्यादा. एफ/१.८ वरून एफ/२.८ किंवा ४ वर या, बराचसा फरक पडेल. दुर्बिणीला फील्ड फ्लॅटनर (कोपऱ्यांतले तारेही फोकसमध्ये आणणारं भिंग) लावला असेल तर त्याच्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर तपासा. बहुतेकांना ते ५५ मिमी हवं असतं. एकच कोपरा किंवा एकच बाजू खराब असेल तर कॅमेरा तिरका बसलाय किंवा अॅडॉप्टर ढिला आहे. सगळे तारे एखाद्या बिंदूभोवती गोल फिरल्यासारखे दिसले तर तो चित्रफिरावा. त्याचं मूळ खरोखरच अलाइनमेंटमध्ये असतं, पण तो दिसायला एक्स्पोजर लांब किंवा चूक बरीच मोठी लागते.

तारे गोल पण जाड, आणि रात्र चढेल तसे अधिक जाड: फोकस नाही, दव. डिसेंबर-जानेवारीत पहाटेपूर्वी लेन्सच्या काचेवर हात न लावता टॉर्च मारून बघा. यूएसबीवर चालणारा गरम पट्टा हा उपाय. रुमालाने पुसू नका, पाचव्या मिनिटाला पुन्हा येतं.

ध्रुवतारा दिसतच नाही त्यांच्यासाठी

आपल्याकडची खरी अडचण अक्षांशाची आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जवळपास अक्षांशाएवढ्याच उंचीवर असतो: नागपुरात २१ अंश, मुंबईत १९, पुण्यात साडेअठरा, पणजीत साडेपंधरा. उत्तरेला एक सहामजली इमारत आली की तो गेला. नाही तर हिवाळ्यातल्या धुरक्यात बुडालेला. त्यात ट्रॅकर इतका आडवा झोपतो की पोलर स्कोपला डोळा लावायला गुडघे टेकावे लागतात, आणि मोठ्या माउंटवर काउंटरवेटचा (तोल साधणाऱ्या वजनाचा) दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो. (पाय बरोबर उत्तरेला न ठेवता दोन पायांमधली जागा उत्तरेला आणली की काही माउंटवर हे सुटतं, काहींवर त्याच्या उलट करावं लागतं. दिवसा फिरवून बघा.)

तीस सेकंदांच्या कामाला ध्रुवतारा लागतच नाही. दोन अंशांपर्यंत मुभा आहे, हे आपण पाहिलं. गच्चीवर उत्तरेची रेघ एकदा आखून ठेवा. होकायंत्र त्यासाठी वापरू नका. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहून कमी फरक आहे, तो प्रश्न नाही. प्रश्न स्लॅबमधल्या सळ्यांचा आहे. दोन पावलं सरकलात की काटा दुसरीकडे बघतो.

त्याऐवजी ओळंबा आणि सूर्य घ्या. पुण्याचं रेखांश ७३.९, भारतीय प्रमाणवेळेचं ८२.५. त्यामुळे पुण्यात सूर्य उत्तर-दक्षिण रेषेवर येतो तो सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी. वर्षभरात ही वेळ मागे-पुढे होते: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८, फेब्रुवारीच्या मध्यावर १२:४९. तुमच्या गावची त्या दिवसाची वेळ स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मिळेल. त्या मिनिटाला ओळंब्याच्या दोरीची सावली जिथे पडते तिथे खडूने, मग रंगाने रेघ मारा. डिसेंबरात एक मिनिट इकडेतिकडे झालं तर रेघ अंशाच्या एक-तृतीयांशाने हुकते, म्हणजे आपल्या मुभेत आरामात. मेमध्ये हा उद्योग करू नका. शून्य सावलीच्या दिवसांच्या आसपास दुपारची सावली पायाखालीच राहते. उंचीसाठी वेजवरचा अंशांचा पट्टा किंवा फोनमधलं कोनमापक पुरेसं आहे, मात्र ट्रायपॉड आधी लेव्हल करा.

याहून लांब लेन्स असेल, ४००-५०० मिमी, आणि एक्स्पोजर मिनिटांचं, तर मात्र अलाइनमेंट खरी हवी. लॅपटॉप गच्चीवर नेत असाल तर 'नीना' या आकाशाचे फोटो काढायच्या सॉफ्टवेअरमधली तीन बिंदूंची पोलर अलाइनमेंट वापरा. तिला ध्रुवाकडचं आकाश लागत नाही, आकाशाचा कुठलाही उघडा तुकडा चालतो. शार्पकॅप या दुसऱ्या सॉफ्टवेअरची पद्धत सोपी आहे, पण कॅमेरा ध्रुवाच्या पाचेक अंशांत बघायला हवा. समोर इमारत असेल तर ती गेली.

दोन्ही नसेल तर जुनी सरकण्याची पद्धत आहेच. दक्षिणेला, डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा आणि वैषुविक वृत्ताजवळचा तारा धरा. ट्रॅकर चालू ठेवून दहा मिनिटांच्या अंतराने फ्रेम घ्या. तारा दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला जास्त गेलाय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. मग पूर्वेला खाली असलेला तारा धरा: दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर. पूर्व-पश्चिम सरकण्याकडे या चाचणीत दुर्लक्ष करा, ते वर्मचं काम. कंटाळवाणं आहे, पण हिला ध्रुवतारा लागत नाही आणि पैसेही.

मोठं एक्स्पोजर हवंय तरी कशाला?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरं तर पहिला विचारायला हवा. पुण्या-मुंबईच्या उजळ आकाशाखाली एफ/२.८ ला तीस सेकंदांतच आकाशाचा उजेड कॅमेऱ्याच्या स्वतःच्या गोंगाटाला बुडवून टाकतो. हिस्टोग्रामचा डोंगर डाव्या कडेपासून सुटून पाव ते एक-तृतीयांश अंतरावर आला की थांबा. त्यापुढे दोन मिनिटं उघडं ठेवून तेजोमेघ अधिक दिसत नाही, फक्त आकाश अधिक नारिंगी होतं. तीस सेकंदांच्या १२० फ्रेम आणि दोन मिनिटांच्या ३० फ्रेम, दोन्हींचा एकूण उजेड एक तासाचाच. पहिल्यात विमान गेलं, कोणी गच्चीचं दार आपटलं, वर्म फसला तर अर्धं मिनिट वाया जातं, दुसऱ्यात दोन. काळ्या आकाशाखाली, भीमाशंकरच्या बाजूला वगैरे जाल तेव्हा गणित बदलतं, तिथे लांब एक्स्पोजरला अर्थ आहे.

एवढं करूनही दाणे राहिले तर जाणकाराला विचारा, पण विचारताना स्टॅक नको. एक मूळ रॉ फ्रेम, ट्रॅकर बंद ठेवून काढलेली रेघांची फ्रेम, लागोपाठच्या वीस फ्रेम, फोकल लेंथ, एक्स्पोजर आणि कॅमेरा कुठल्या नक्षत्राकडे होता ते, एवढं ड्राइव्हवर टाकून लिंक द्या. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ताऱ्याचा आकार आधीच दाबला गेलेला असतो. त्यावरून कोणी ठामपणे "अलाइनमेंट" म्हणाला तर त्याला आधी रेघांची फ्रेम दाखवा.